चौथं घर

बहरीनमध्ये जपानी गाडी चालवणारा आणि कश्मिराला न ओळखणारा माणूस मला तरी भेटलेला नाही. तुबलीत खाडीच्या अंगाला गॅरेजांची रांग आहे, त्यातल्या एका मोठ्या वर्कशॉपच्या स्पेअर पार्टच्या काउंटरवर ती सव्वीस वर्षं उभी होती. उभी म्हणजे उभीच. कंपनीनं स्टूल दिलं होतं, पण त्यावर ती कॅटलॉग ठेवायची. समोर आठ-दहा पुरुष एकदम बोलतायत, कुणी बहरीनी, कुणी पठाण, कुणी मल्याळी ड्रायव्हर, आणि ही साडेपाच फुटांची डोंबिवलीची बाई मधेच एकाला थांबवून अर्ध्या हिंदीत अर्ध्या अरबीत सांगणार की बाबा रे, तुझी गाडी अकरा सालची, हे ब्रेकचे पॅड तिला बसायचे नाहीत, उगाच नेशील आणि उद्या माझ्याशी भांडायला येशील. तो मुकाट्यानं दुसरे पॅड घेऊन जायचा. पार्टचे दहा-दहा आकडी नंबर तिला तोंडपाठ होते. स्वतःच्या भाच्यांचे वाढदिवस मात्र लक्षात राहत नाहीत म्हणायची.

ती लग्न करून इथे आली. दोन वर्षांत नवऱ्याची नोकरी सुटली, तो दुसरी बघतो म्हणून मुंबईला गेला तो गेलाच. हिनं दीड महिना वाट पाहिली आणि मग त्या वर्कशॉपात जाऊन नोकरी मागितली. नवऱ्याबद्दल ती कधी वाईट बोलली नाही, चांगलंही बोलली नाही. मी खोदून खोदून विचारलं, मला सवयच आहे. तर म्हणाली, "सुनीता, तो पार्ट आता बनत नाही, जाऊ दे." आणि हसली.

माझ्याबद्दलही सांगून टाकते. मी स्पष्टवक्ती म्हणून प्रसिद्ध आहे. सुनीताच्या पोटात काही राहत नाही, असं सगळे म्हणतात, मीही अभिमानानं म्हणायचे. आता म्हणत नाही.

आम्ही चौघी झिंजमध्ये एकाच बिल्डिंगीत राहायचो. मी आणि माझे यजमान जयप्रकाश दुसऱ्या मजल्यावर, कश्मिरा आमच्या समोर, वर महमुदा, आणि तळमजल्यावर नवीन लग्न झालेली अनुष्का, जिला तेव्हा धड वरणही जमत नव्हतं. महमुदा दापोलीकडची, हर्णैच्या अलीकडे तिचं गाव. तिचा नवरा एका व्यापाऱ्याकडे क्लार्क होता. शुक्रवारी नवरे झोपले की आम्ही गच्चीवर जमायचो. नोव्हेंबर लागला, उन्हाचा ताप उतरला की तिथे सतरंजी पडायची ती मार्चपर्यंत. तिथेच एकदा महमुदानं विषय काढला. गावाला समुद्राजवळ वडिलांची जागा पडून आहे, भाऊ इलियास बांधकामं घेतो, आपण म्हाताऱ्या झालो की चौघींची चार लहान घरं बांधू, एका ओळीत, मधे एक विहीर.

झालं. तो आमचा कायमचा विषय झाला. दर शुक्रवारी कुणीतरी काढायचं. त्यात सगळ्यात जास्त बोलायची कश्मिरा. सकाळी जी आधी उठेल तिनं चौघींचा चहा टाकायचा, दिवसा कुणी कडी लावायची नाही, नवऱ्यांना एकत्र एका घरात कोंबायचं, असले तिचे नियम. अनुष्का हसून लोळायची. आम्ही गप्पा मारत होतो, ती ठरवत होती. आम्हाला हा फरक कळायला हवा होता, पण माणूस ज्याच्या-त्याच्या संसारात असतो.

मग एकेक जण पांगलं. महमुदाचा नवरा रिटायर झाला, ती गावी गेली. अनुष्काच्या नवऱ्याला जपानमध्ये नोकरी मिळाली. आम्ही जनाबियाला व्हिला घेतला भाड्यानं, म्हणजे बहरीनमध्येच, पण गाडीनं पंचवीस मिनिटांचं अंतरही हळूहळू महिन्याचं होतं. कश्मिरा तिथेच, झिंजला, त्याच फ्लॅटमध्ये.

आखातातली एक रीत आहे. इथून कायमचा जाणारा माणूस शेवटच्या आठवड्यात सामान विकतो, वाटतो, आणि जे विकवत नाही ते इथे राहणाऱ्या कुणाकडे तरी ठेवून जातो. पुढच्या वेळी आलो की नेतो, असं म्हणून. तो पुढे येत नाही, आणि आला तरी नेत नाही. आमच्या ओळखीतला प्रत्येक जण हे सामान कश्मिराकडे ठेवून गेला. तिची आतली खोली त्यानंच भरली होती. महमुदाची शिलाई मशीन, अनुष्काच्या मुलाचा पाळणा, कुणाचं गणपतीचं मखर, कुणाची तांब्याची घंगाळं. व्हिला लहान पडतो म्हणून मीसुद्धा एक पेटी ठेवली होती, जनाबियाला राहून! प्रत्येक वस्तूवर तिनं पार्टला लावतात तसं लेबल लावलं होतं, नाव आणि तारीख.

आता जे सांगायचं ते सांगते. अडीच वर्षांपूर्वी इलियासभाईंचा महमुदाला निरोप आला की घरं बांधायची तर आता बांधा, पुढे माणसं मिळणार नाहीत. महमुदानं मला विचारलं, अनुष्काला विचारलं. जयप्रकाशची निवृत्ती तीन-चार वर्षांवर आली होती, आम्ही लगेच हो म्हटलं. व्हॉट्सॲपवर नवीन ग्रुप निघाला. त्यात आम्ही तिघी. कश्मिराला घ्यायचं विसरलं असं नाही. घेतलंच नाही. अनुष्का म्हणाली, ती कुठे बहरीन सोडतेय, तिचं सगळं तिथेच. महमुदा म्हणाली, तिला उगाच भरीस कशाला घालायचं. आणि मी लिहिलं, ती तिकडे आली तर आपलं सामान कोण सांभाळणार? पुढे हसणारा चेहरा टाकला. बाकीच्या दोघींनीही हसणारे चेहरे टाकले, आणि विषय संपला.

खरं कारण हे नव्हतं. खरं कारण तिघींनाही ठाऊक होतं आणि कुणी लिहिलं नाही. आम्हाला नवरे आहेत, मुलं आहेत. म्हातारपणी पाय मोडला तर माझा निहार विमानात बसून येईल, महमुदाचा जुनैद तर पुण्यातच आहे. कश्मिराचा पाय मोडला तर कोण येणार? आम्हीच. शेजारच्या घरातून, रोज. चोवीस वर्षांची मैत्री होती, पण ह्या गोष्टीला आम्ही घाबरलो. लिहिताना लाज वाटते, पण आहे ते असं आहे.

गेल्या वर्षी सप्टेंबरात कश्मिराच्या वर्कशॉपात नवा मॅनेजर आला. काउंटर बंद करायचं, लोकांनी पार्ट ऑनलाइन मागवायचे, असं ठरलं. तिच्या हातात पत्र दिलं की एकतीस मार्चला काँट्रॅक्ट संपतं, पुढे व्हिसा नाही. आखातात नोकरी गेली की घरही जातं, देशही जातो, थोड्या दिवसांत सगळं आवरून निघायचं असतं. डोंबिवलीचं आईचं घर रिडेव्हलपमेंटला गेलं होतं, नवीन फ्लॅट भावाच्या नावावर, त्याच्या दोन मुलांना तोच पुरत नाही. म्हणजे ह्या बाईला जगात जाण्यासारखं एकच ठिकाण होतं, आणि ते तिच्या डोक्यात वीस वर्षांपासून बांधून तयार होतं. तिनं पत्राबद्दल कुणाला सांगितलं नाही. तेवढ्यात अनुष्काचा फोन आला होता की नोव्हेंबरात सगळ्या जपानला या, पानं पिवळी होतात, चौघी पुन्हा एकदा एकत्र बसू. कश्मिरानं ठरवलं, तिथेच सांगायचं, सगळ्यांसमोर, तोंडानं.

मला ह्यातलं काही माहीत नव्हतं. मला फक्त घरांचं माहीत होतं. बहरीनहून आम्ही दोघी एकत्र निघालो, वाटेत विमान बदललं, चौदा-पंधरा तास शेजारी बसलो, आणि माझ्या पोटात पूर्ण वेळ तो ग्रुप होता. माझा फोन तिच्या बाजूला उलटा ठेवत होते मी. आणि तिचा आनंद असा की बघवत नव्हता. सव्वीस वर्षं ज्या खोक्यांवरचे पत्ते वाचले तो देश बघायला मिळणार म्हणून ती लहान मुलीसारखी खिडकीला चिकटली होती.

अनुष्काचं घर टोकियोच्या बाहेरच्या बाजूला आहे. महमुदा आमच्या आधी मुंबईहून पोचली होती. तिसऱ्या दिवशी शनिवार होता. अनुष्कानं पुऱ्या केल्या, बटाट्याची भाजी केली, आणि आम्ही चौघी तिथल्या एका मोठ्या बागेत गेलो. बाग म्हणजे केवढी! एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला आतल्या आत छोटी आगगाडी. बहरीनच्या सगळ्या बागा त्यात घातल्या तरी जागा उरेल. दारात मशीनमधून तिकिटं घ्यायची. आत गेलं की तळ्याच्या कडेनं गिंकोच्या झाडांची रांग, पंख्यासारखी पानं, सगळीच्या सगळी पिवळीधमक, झाडावर तेवढी आणि खाली तेवढीच. पण खाली त्याची फळं पडून चिरडली होती आणि त्यांना असा वास की नाक धरावं. महमुदा म्हणाली, ह्यापेक्षा आमचं सुकं म्हावरं बरं.

थंडी चांगलीच होती. आमच्या अंगावर नवे कोरे कोट. कश्मिराकडे कोट नव्हता. तिनं वर्कशॉपचं जाड निळं जॅकेट घातलं होतं, पाठीवर कंपनीचं नाव, छातीवर तिचं. चालता चालता ती पाट्या वाचत होती. आम्हाला वाटलं गंमत करतेय. तर खरंच वाचत होती. परदेशी शब्द लिहायची त्यांची वेगळी लिपी असते, ती खोक्यांवर बघून बघून तिला येऊ लागली होती. ब्रेक, फिल्टर, गॅस्केट एवढं वाचता वाचता सगळी अक्षरं जमली. कुणी शिकवली नाही, तिनंही कधी सांगितलं नाही. हॉटेलची पाटी एकेक अक्षर जोडून वाचली आणि "रेसुतोरान" म्हणून आमच्याकडे वळून बघितलं. अनुष्का तिथे सहा वर्षं राहते, तिला अजून ते जमत नाही. अनुष्का खजील झाली आणि आम्ही तिला चिडवलं. तो अर्धा तास फार छान गेला.

एका मोठ्या मैदानावर लोक चादरी अंथरून बसले होते. बूट चादरीच्या कडेला ओळीनं काढायचे आणि मग वर बसायचं, सगळे तसंच करत होते. आम्हीही चौघींचे बूट ओळीनं लावले. पुऱ्या खाल्ल्या, महमुदानं गावाहून आणलेले नारळाचे लाडू खाल्ले, कश्मिरानं मनामाच्या बाजारातून हलव्याचा डबा आणला होता तो उघडला. थर्मासमधला चहा ओतून झाल्यावर ती म्हणाली, मला एक सांगायचंय. मग पत्राचं सांगितलं. अगदी साधं, जसं गिऱ्हाइकाला सांगावं की माल आला नाही. आम्ही अगं बाई, अरेरे, असं काही म्हणायच्या आत ती पुढे गेली.

"मार्चला तिकडचं खलास. महमुदा, इलियासभाईंना सांग, आता चार घरांचं मनावर घ्या म्हणावं. मी आधी येऊन राहते, काम चालू असताना देखरेखीला कुणी पाहिजेच. तुम्ही सावकाश या."

अनुष्का भरलेल्या कपात पुन्हा चहा ओतायला लागली. मला काहीतरी बोलायलाच हवं म्हणून मी बोलले, आणि काय बोलले तर म्हणे, कश्मिरा, तुझ्याशिवाय बहरीन कसं चालणार गं? ती म्हणाली, कंपनीला वाटतं चालेल. आणि हसली. अनुष्का म्हणाली, बघू ना, निवांत बोलू. कश्मिराला त्यातलं काही ऐकूच गेलं नाही. ती सांगत होती की तिचं घर छोटंच पुरे, एक खोली आणि पडवी, पण पडवी हवीच, विटांचं तिला चालेल, जांभा मिळाला तर उत्तम. तिनं चौकशी करून ठेवली होती. चिरा कुठून आणायचा हेसुद्धा.

महमुदाला ते सहन झालं नाही. तिनं कश्मिराचा हात धरला.

"घरं झाली गो," ती म्हणाली. "तीन झाली. मे महिन्यात रंग पण झाला."

कश्मिरानं आमच्याकडे बघितलं, आधी अनुष्काकडे, मग माझ्याकडे. तीन कुणाकुणाची, असं तिनं विचारलं. उत्तर तिथेच बसलं होतं तरी विचारलं. महमुदानं सांगितलं. मग ती विचारायला लागली, विहिरीला पाणी किती फुटांवर लागलं, कौलं की स्लॅब, समुद्र दिसतो का. महमुदा एकेकाचं उत्तर देत होती आणि रडत होती. कश्मिरा रडत नव्हती. दूरच्या ओळखीच्या माणसानं घर बांधलं की आपण विचारतो ना, तसं विचारत होती ती. सगळं विचारून झाल्यावर म्हणाली, छान झालं, आणि जरा पाय मोकळे करून येते म्हणून उठली. ओळीतले तिचे बूट तिनं घातले, दोनदा लेस बांधली, आणि झाडांकडे गेली.

आम्ही मागे गेलो नाही. जाऊ दे तिला जरा एकटीला, असं अनुष्का म्हणाली आणि आम्हाला ते लगेच पटलं, सोयीचं होतं ना. मग आम्ही एकमेकींवर चिडलो. मी महमुदाला म्हटलं, आजच सांगायची काय गरज होती? महमुदा म्हणाली, मग कधी सांगायचं होतं, वास्तुशांतीच्या दिवशी? तास गेला, दीड तास गेला. साडेतीनला ऊन कलंडलं आणि गारठा वाढला. भोंग्यावरून बाग बंद होण्याची सूचना सुरू झाली, एक शब्द कळत नव्हता पण सूर कळत होता. लोक चादरी झटकून घड्या घालायला लागले. कश्मिराचा फोन लागेना, तिच्या फोनमध्ये तिथलं सिमच नव्हतं. एवढ्या अफाट बागेत, परक्या देशात, कुठे शोधायचं? तिघी तीन दिशांना गेलो.

मला सापडली ती. तळ्यापाशी चार जपानी म्हाताऱ्या उभ्या होत्या, डोक्यावर एकसारख्या टोप्या, आणि ही त्यांचा फोटो काढत होती. चारच होत्या, मी मुद्दाम रचून सांगत नाही, होत्या तितक्या सांगते. त्यांना खुणेनं ती जवळ सरकायला सांगत होती, एकीची टोपी वाऱ्यानं वाकडी झाली ती दाखवत होती. तीन फोटो काढले, फोन परत दिला. त्या वाकून वाकून नमस्कार करत गेल्या. मग तिनं मला पाहिलं. माझ्या मागून महमुदा आणि अनुष्काही धापा टाकत आल्या.

"एकच सांगा," कश्मिरा म्हणाली. "ठरवताना कुणी एकीनं तरी माझं नाव काढलं होतं का?"

अनुष्का लगेच म्हणाली, काढलं होतं ना, म्हणजे काय! महमुदा खाली बघायला लागली. आणि कश्मिरा माझ्याकडे बघत राहिली, कारण खरं काय ते सुनीता सांगते, हे तिला चोवीस वर्षांत माहीत झालेलं. नाव तर काढलंच होतं. सामानापुरतं. तो हसरा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे आला. मी म्हटलं, चला, गेट बंद करतायत.

उरलेले चार दिवस ती अगदी नीट वागली. देवळं बघितली, अनुष्काच्या मुलाला गाडीचं इंजिन कसं चालतं ते कागदावर काढून दाखवलं. परतीच्या विमानात ती झोपली, किंवा डोळे मिटून होती. मी माफी मागायची म्हणून मनात वाक्यं जुळवली, तोवर बहरीन आलं. टॅक्सीत बसताना तिनं मला मसाल्याची पुडी दिली, जयप्रकाशला आवडतो तो, आणि गेली.

त्यानंतर मी तिला फोन करायचं टाळलं. डिसेंबरात पाहुणे होते, जानेवारीत माझी कंबर धरली, कारणं काय हवी तेवढी मिळतात. मनातून मात्र चैन नव्हतं. शेवटी मी इलियासभाईंना फोन केला की चौथं घर होईल का. ते भले गृहस्थ. म्हणाले, विहिरीच्या पलीकडे जागा आहे, पाऊस संपला की बांधून देतो, ताईंना तोवर आमच्याकडे ठेवू. मी फेब्रुवारीत कश्मिराला फोन करून हे सांगितलं. ती म्हणाली, "नको गं, माझं ठरलंय." कुठे, ते मी विचारलं नाही. मी, जिला खोदून खोदून विचारायची सवय! मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. प्रश्न आपोआप सुटला, असं वाटलं. त्याच आठवड्यात तिनं माझी पेटी पिकअपनं घरी पाठवून दिली. वर लेबल, नाव आणि तारीख. मला वाटलं, आवराआवर करतेय.

मार्चमध्ये तिला जेवायला बोलवायचं म्हणत होते. एकतीस तारीख माझ्या डोक्यात होती, त्याच्या आत करू म्हटलं. इथली आणखी एक पद्धत म्हणजे जाणाऱ्याला विमानतळावर पोचवायला जायचं. कश्मिरा प्रत्येकाला पोचवायला गेली होती, महमुदाच्या वेळी तर पहाटे चारला. अठ्ठावीसला मी फोन केला तेव्हा तो बंद लागला. मेसेजवर एकच टिक. झिंजला गेले तर दार उघडं, आत दोन रंगारी भिंत घासत होते, आतली खोली रिकामी. तिच्या भावाचं नाव जयेश, यापलीकडे मला काही माहीत नव्हतं. डोंबिवलीत जयेश कुठे शोधणार? महमुदाला विचारलं, अनुष्काला विचारलं, कुणाकडे तिचा भारतातला नंबर नाही. कधी लागलाच नव्हता, ती इथेच असायची ना.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी तुबलीला गेले. काउंटरवर स्टीलची जाळी ओढलेली, पुढे खोक्यांची चळत. हमीद म्हणून श्रीवर्धनकडचा एक जुना माणूस स्टोअरला आहे, त्यानं मला कश्मिराबरोबर पाहिलेलं असल्यानं तो ओळखायचा. धावत आला. मी काही विचारायच्या आधीच त्यानं माझी खुशाली विचारली, महमुदाताईंची विचारली, जपानच्या ताई कशा आहेत ते विचारलं. आम्हा तिघींची नावं त्याला पाठ होती. म्हणाला, मॅडम गेल्या त्या दिवशी सगळ्या वर्कशॉपानं जेवण केलं, बहरीनी गिऱ्हाइकं पण आली, कुणी अत्तर दिलं, कुणी घड्याळ. मोठी मोठी माणसं रडली. पण मॅडम खूश होत्या. सगळ्यांना सांगत होत्या, मैत्रिणींनी समुद्राजवळ घरं बांधलीत, तिकडेच चाललेय राहायला.

हमीदनं मला बसायला कश्मिराचं ते कॅटलॉगचं स्टूल पुढे केलं.

"नीट पोचल्या ना मॅडम तुमच्याकडे?" त्यानं विचारलं. "फोन लागत नाही म्हणून विचारतोय. आम्हाला जरा काळजी वाटत होती, एकट्याच गेल्या."

गॅरेजमध्ये कुणीतरी गाडीचा हॉर्न तपासत होतं.

"पोचली," मी म्हटलं. "बरी आहे. तिकडे रेंज नसते."

तो हसला. त्याला फार बरं वाटलं. सगळ्यांना सांगतो म्हणाला, आणि सांगायला आत गेला.